के-पॉप ग्रुपमधले ‘अवतार’ मेंबर: चेहरा कुणाचा आणि हक्क कुणाचा?

डिसेंबर म्हटलं की गॅदरिंग. आमच्या रत्नागिरीत एका कॉलेजच्या गॅदरिंगसाठी माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी के-पॉप कव्हर डान्स बसवत होत्या. ग्रुप मूळचा पाच जणींचा. त्यातली एक जूनमध्ये ॲडमिशन घेऊन पुण्याला गेली आणि उरल्या चौघी. पाच जणींच्या फॉर्मेशनमध्ये मधली जागा रिकामी दिसायला लागली. यंदा स्टेजच्या मागे मोठी एलईडी स्क्रीन येणार हे कळल्यावर एकीच्या डोक्यात आयडिया आली. गेल्या वर्षीचे रील्स आहेत, तिचे सेल्फी आहेत, एका ॲपमध्ये टाकून तिचा अवतार बनवू आणि स्क्रीनवर पाचवी म्हणून नाचवू. अगदी एस्पासारखं!

दोन दिवसांत दहा सेकंदांची क्लिप तयारही झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. निळ्या टिक आल्या, पण पुण्याहून रिप्लाय नाही. रात्री उशिरा एक ओळ आली: “मला न विचारता कसं काय केलंत?”

“अगं, पण ती तूच आहेस ना!”

“मी नाहीये, म्हणूनच तर बनवलीत ना ती?”

मग चार दिवस अबोला. भाचीने शेवटी मला विचारलं, “मामा, यात आम्ही चुकीचं काय केलं? कोरियात तर एवढ्या मोठ्या कंपन्या हेच करतात.”

करतात, खरं आहे. आणि तिकडेही नेमक्या याच मुद्द्यावर गेली काही वर्षं डोकेफोड चालू आहे. म्हणून म्हटलं, एकदा नीट समजून घेऊ.

चार मुली आणि त्यांच्या चार प्रतिकृती

ऑक्टोबर २०२० मध्ये एसएम एंटरटेनमेंटचे संस्थापक ली सू-मान यांनी एका परिषदेत त्यांच्या नव्या गर्ल ग्रुपची कल्पना मांडली. ग्रुपचं नाव एस्पा. मेंबर चार: करीना, विंटर, जिझेल आणि निंगनिंग. पण प्रत्येकीची एक डिजिटल प्रतिकृतीही असणार, तिचं नाव ‘ए-करीना’, ‘ए-विंटर’ वगैरे. खऱ्या मुली खऱ्या जगात राहणार, अवतार त्यांच्या वेगळ्या व्हर्च्युअल जगात, आणि दोघी एकमेकींशी बोलणार. मदतीला ‘नेविस’ नावाचं एक पूर्ण काल्पनिक पात्र. १७ नोव्हेंबर २०२० ला ‘ब्लॅक मांबा’ हे पहिलं गाणं आलं आणि तुफान चाललं.

(जाता जाता: ‘अवतार’ हा शब्द कोकणातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. आपण दशावतार बघत मोठे झालो. संस्कृतातला हा शब्द इंग्रजी कॉम्प्युटर गेममध्ये शिरला आणि आता कोरियाला वळसा घालून आपल्याच मोबाइलवर परत आलाय.)

घोषणा झाली तेव्हा फॅन्स खूश होते, पण काहींच्या पोटात गोळाही आला. ही मुलगी दमते, आजारी पडते, तिला सुट्टी लागते. तिचा अवतार दमत नाही. उद्या ती ‘हे मी करणार नाही’ म्हणाली आणि कंपनीने तेच काम तिच्या अवताराकडून करून घेतलं तर? तिने ग्रुप सोडला तर अवतार कुणाचा? आणि तिच्या चेहऱ्याचं इतकं तपशीलवार थ्रीडी मॉडेल एकदा बनलं की ते भलत्याच्या हातात पडणार नाही याची खात्री काय?

गंमत म्हणजे एस्पाचे ए-अवतार प्रत्यक्षात फार मोठे झालेच नाहीत. कथेच्या व्हिडिओंमध्ये आणि काही स्टेजवर ते दिसले, पण लोक बघायला येत होते त्या चार खऱ्या मुलींना. उलट ते काल्पनिक पात्र, नेविस, १० सप्टेंबर २०२४ ला ‘डन’ हे गाणं घेऊन स्वतंत्र सोलो कलाकार म्हणून बाहेर आलं, एआयने तयार केलेल्या आवाजासकट. म्हणजे ज्यांना शरीर आहे त्यांच्या प्रतिकृती मागे पडल्या आणि जिला शरीरच नाही ती पुढे आली. हे मला तरी अपेक्षित नव्हतं.

‘व्हर्च्युअल’ म्हणजे आत कोणीच नाही असं नव्हे

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ‘व्हर्च्युअल आयडॉल’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, आणि चिंतेचं कारण प्रत्येकात वेगळं आहे.

एक म्हणजे एस्पासारखा प्रकार: खरा माणूस आहे आणि त्याच्या शेजारी त्याचीच प्रतिकृती. दुसरा, खऱ्या मेंबरांच्या ग्रुपमध्ये एखादा मेंबरच व्हर्च्युअल. २०२२ मध्ये आलेल्या सुपरकाइंड या मुलांच्या ग्रुपमध्ये सुरुवातीला सेजिन हा असा मेंबर होता, बाकीचे हाडामांसाचे. तिसरा प्रकार पूर्ण कृत्रिम ग्रुपचा. २०२३ च्या जानेवारीत ‘पँडोरा’ गाणं घेऊन आलेला मेव्ह हा चार मुलींचा ग्रुप, किंवा पल्स नाइन या कंपनीचा अकरा जणींचा इटर्निटी ग्रुप. इटर्निटीमध्ये चेहरा एआयने बनवलेला असतो, पण नाचणारं शरीर खऱ्या माणसाचं असतं. त्या शरीरावर तो चेहरा चढवला जातो. ती नाचणारी कोण, हे आपल्याला कधीच सांगितलं जात नाही.

चौथा प्रकार प्लेव्हचा. आणि तो समजायला रत्नागिरीकराइतकं सोपं कुणालाच नाही.

शिमग्यात नमन-खेळे बघितलेत ना? संकासूर येतो. काळा पोशाख, उंच टोपी, कमरेला घुंगरं. लहान पोरं घाबरून पळतात आणि थोडी मोठी झालेली पोरं ओरडतात, “अरे, हा तर आपला अमुकतमुक!” गोमू नाचते, ती मुळात वाडीतलाच एखादा पोरगा असतो. सोंग खोटं, पण नाच खरा, घाम खरा, आणि एखाद्याने खडा मारला तर लागतो तोही खऱ्या माणसाला. प्लेव्ह म्हणजे असंच सोंग, फक्त लाकूड-कापडाऐवजी पिक्सेलचं. यजुन, नोआ, बॅम्बी, उन्हो आणि हामिन ही कार्टूनसारखी दिसणारी पाच पोरं, आणि प्रत्येकाच्या आत एक खरा गायक, जो तिथल्या तिथे नाचतो, बोलतो, विनोद करतो. मार्च २०२३ मध्ये व्लास्ट या कंपनीने त्यांना आणलं. ९ मार्च २०२४ ला त्यांनी एमबीसी या कोरियन वाहिनीच्या ‘शो! म्युझिक कोअर’ कार्यक्रमात खऱ्या माणसांच्या ग्रुपना मागे टाकून पहिला नंबर मिळवला. आतले कलाकार मात्र आपली ओळख जाहीर करत नाहीत.

हे चालतं कसं?

तुमच्या फोनवरच्या मेमोजीचं उदाहरण घ्या. तुम्ही भुवई उचलली की त्या कार्टूनची भुवई उचलते. आयफोनचा पुढचा कॅमेरा तुमच्या चेहऱ्याची खोली मोजतो आणि जबडा किती उघडला, डावा डोळा किती मिटला, ओठ किती पुढे आले अशा ५२ हालचालींचे आकडे सतत सॉफ्टवेअरला देतो. सॉफ्टवेअर तेच आकडे कार्टूनच्या चेहऱ्याला लावतं.

व्हर्च्युअल आयडॉलमध्येही तत्त्व तेच, थाट मोठा. कलाकार अंगाला चिकटून बसणारा सूट घालतो, त्यावर सेन्सर किंवा खुणा असतात, चारी बाजूंनी कॅमेरे. सांध्यांची हालचाल टिपली जाते आणि गेम बनवायला वापरतात त्या अनरियल इंजिनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी पात्राला दिली जाते. लाइव्ह चालू असताना कधी हात अंगातून आरपार जातो, कधी पाय भलतीकडेच वळतो. प्लेव्हच्या फॅन्सना या चुका इतक्या आवडतात की त्यांच्या खास क्लिप फिरतात. मला वाटतं कारण सरळ आहे. चूक दिसली की आत माणूस आहे याची खात्री पटते.

आवाजाची गोष्ट वेगळी. आवाजाचे नमुने एआयला ऐकवले की तो त्या आवाजाची घडण शिकतो आणि मग कुणीही गायलं तरी त्या आवाजात ऐकवू शकतो. हाइब कंपनीच्या मिडनॅट या कलाकाराचं ‘मास्करेड’ गाणं मे २०२३ मध्ये एकाच वेळी सहा भाषांत आलं. गायक एकच, ली ह्यून, आणि परक्या भाषांतले उच्चार एआयने दुरुस्त केलेले. इथे गायकाची संमती होती, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. हेच तंत्र संमतीशिवाय वापरलं की काय होतं ते पुढे बघू.

अवताराला शिवी दिली तर ती कुणाला लागते?

हा प्रश्न चहाच्या टपरीवरचा वाटेल, पण कोरियात तो खरोखर कोर्टात गेला.

प्लेव्हच्या मेंबरांबद्दल सोशल मीडियावर एकाने घाण भाषेत पोस्ट टाकल्या. त्यात आत असलेल्या माणसांच्या दिसण्यावरही घसरला. कंपनीने दावा लावला आणि प्रत्येक कलाकारामागे ६५ लाख वॉन भरपाई मागितली. समोरच्याचा बचाव काय? की ही तर काल्पनिक पात्रं आहेत, आतल्या माणसांची नावं कुणाला माहीत नाहीत, मग बदनामी झाली कुणाची? २०२५ मध्ये कोर्टाने हा बचाव नाकारला. अवतार म्हणजे नुसतं चित्र नव्हे, माणूस त्यातून स्वतःला व्यक्त करतो आणि लोकांशी संबंध ठेवतो, त्यामुळे अवताराचा अपमान हा आतल्या माणसाचाही अपमान ठरू शकतो, असं कोर्टाचं म्हणणं. भरपाई मात्र प्रत्येकी फक्त १ लाख वॉन, म्हणजे आपले साधारण सहा हजार रुपये. कंपनीने रक्कम कमी म्हणून अपील केलं.

रक्कम किरकोळ असली तरी निकाल महत्त्वाचा आहे. गेममधल्या किंवा कार्टून डीपी लावलेल्या अकाउंटला ‘कोण ओळखतंय’ म्हणून वाट्टेल ते बोलणाऱ्यांनी तर तो दोनदा वाचावा. संकासुराला खडा मारला तरी लागतो माणसालाच, हे आता कोर्टानेही सांगितलं.

करार सात वर्षांचा, अवतार किती वर्षांचा?

कोरियात कलाकार आणि एजन्सी यांच्यातला प्रमाणित करार साधारण सात वर्षांचा असतो. २००९ मध्ये तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने हा नमुना आणला. तेरा-तेरा वर्षांच्या करारांवरून भांडणंही कोर्टात गेली. सात वर्षांनी माणूस मोकळा होतो. पण बाकीच्या गोष्टी?

बीस्ट या ग्रुपचं उदाहरण बघा. २०१६ मध्ये मेंबर कंपनीतून बाहेर पडले, पण नाव कंपनीकडे राहिलं. शेवटी त्यांना २०१७ मध्ये ‘हायलाइट’ या नव्या नावाने सुरुवात करावी लागली. गॉटसेव्हनचं नशीब चांगलं, २०२१ मध्ये जेवायपी सोडताना नावाचे हक्क त्यांना मिळाले. (याच ग्रुपचा जॅक्सन वांग २०२३ मध्ये लोलापलूझासाठी मुंबईत आला होता, आठवत असेल.)

आता नावाच्या जागी चेहरा ठेवून बघा. नाव गेलं तर नवीन नाव घेता येतं. पण तुमच्यासारखी दिसणारी, तुमच्यासारखी हसणारी, तुमच्याच आवाजात गाणारी फाइल कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहिली तर? तुम्ही लग्न केलंत, घर सांभाळताय, पन्नाशीला आलात, आणि ती मात्र एकोणीस वर्षांची होऊन जाहिरात करतेय. कोरियाने जून २०२२ पासून आपल्या अनुचित स्पर्धाविरोधी कायद्यात प्रसिद्ध व्यक्तीचं नाव, चेहरा, आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला बंदी घातली. बाहेरच्या चोरासाठी हे ठीक. पण मेंबरने स्वतःच करारात सही करून अवतार दिला असेल, तर सगळं त्या कराराच्या बारीक अक्षरांवर येऊन थांबतं. आणि सही करताना ती मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते, कधी त्याहून लहान.

हे आपल्यापासून फार लांब राहिलेलं नाही. ओडिशाची श्रेया लेंका २०२२ मध्ये ब्लॅकस्वान ग्रुपमध्ये निवडली गेली. बीटीएसची कंपनी हाइबने तर २०२५ मध्ये मुंबईत आपलं भारतातलं ऑफिस उघडलं. उद्या ऑडिशन्स झाल्या तर कोकण रेल्वेच्या गाड्यांतून पोरं जातील, आणि जावं. फक्त पुढे आलेल्या कागदावर ‘डिजिटल प्रतिकृती’, ‘आवाजाचं मॉडेल’, ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असे शब्द दिसले तर आईवडिलांसोबत एखाद्या वकिलाकडे जाऊन बसा. दोन तास जातील, चालतंय.

आणखी एक. ‘कोरियन कंपनीची ऑनलाइन ऑडिशन’ म्हणून चेहऱ्याचे सगळ्या बाजूंचे फोटो, आवाजाचे नमुने आणि वर ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणारं कुणी भेटलं तर सरळ ब्लॉक करा. मोठ्या एजन्सी ऑडिशनसाठी पैसे घेत नाहीत.

सगळ्यात वाईट बाजू

एस्पाच्या वेळी फॅन्सना सगळ्यात जास्त भीती डीपफेकची होती, आणि ती अनाठायी नव्हती. ‘सिक्युरिटी हीरो’ या कंपनीने २०२३ मध्ये डीपफेक अश्लील व्हिडिओंचा अभ्यास केला. त्यात ज्यांचे चेहरे वापरले गेले होते त्यांपैकी ५३ टक्के दक्षिण कोरियाच्या गायिका आणि अभिनेत्री होत्या. अर्ध्याहून जास्त! जगभर लाडक्या असलेल्या या मुली, आणि त्यांची ही किंमत. पुढच्या वर्षी तिकडे शाळा-कॉलेजच्या साध्या मुलींचेही असे व्हिडिओ टेलिग्रामवर सापडायला लागले, लोक रस्त्यावर आले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये असे डीपफेक जवळ ठेवणं किंवा नुसतं बघणंही गुन्हा ठरवणारा कायदा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड.

व्हर्च्युअल मेंबरमुळेच डीपफेक आले असं कुणी म्हणत नाही. पण ‘मुलीच्या चेहऱ्याची फाइल म्हणजे एक माल, तो हवा तसा वाकवता येतो’ ही सवय दोन्हीकडे सारखीच आहे. कंपनीवाले उलटा युक्तिवाद करतात: पूर्ण कृत्रिम आयडॉल असेल तर खऱ्या मुलीला ट्रोलिंग नाही, डाएट नाही, रडणं नाही. ऐकायला बरं वाटतं. पण पल्स नाइनने आपला ग्रुप बनवताना काय केलं? एआयने १०१ चेहरे तयार केले, त्यांचे क्यूट, सेक्सी, निरागस आणि हुशार असे चार गट पाडले आणि लोकांना मतं द्यायला लावली. स्थळ बघायला आलेले लोकही इतके उघड गट पाडत नाहीत. त्या चेहऱ्यांना त्रास होणार नाही हे मान्य, पण ते बघून आरशासमोर उभी राहणारी दहावीची मुलगी खरी आहे. आधी तिची तुलना मेकअप केलेल्या आयडॉलशी व्हायची, निदान तिलाही कधीतरी पिंपल येत असे.

हे सगळं नवीन आहे असंही समजू नका. कोरियात १९९८ मध्येच ॲडम नावाचा सायबर गायक आला होता. थोड्याच काळात तो गायब झाला. ‘कॉम्प्युटर व्हायरसने मेला’, ‘मिलिटरीत भरती झाला’ अशा अफवा पसरल्या, खरं कारण खर्च परवडेना. जपानची हात्सुने मिकू २००७ पासून टिकून आहे, कारण ती कुणा माणसाची कॉपी असल्याचं नाटकच करत नाही. ती आवाजाचं सॉफ्टवेअर आहे, आणि हजारो लोक तिच्यासाठी गाणी लिहितात. माझं मत विचाराल तर मिकूबद्दल मला काडीची चिंता नाही. चिंता तिथे सुरू होते जिथे अवताराखाली खरा चेहरा आहे आणि त्याला ‘नको’ म्हणायची सोय नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे या विषयातला मोठा निकाल एका मराठी नावाशी जोडलेला आहे: आशा भोसले. त्यांचा आवाज क्लोन करून देणाऱ्या एआय कंपनीविरुद्ध आणि इतर काहींविरुद्ध त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. कुणाही माणसाचा आवाज एखाद्या नामवंताच्या आवाजात बदलून देणारी साधनं परवानगीशिवाय पुरवणं हा त्या व्यक्तीच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्याआधी जुलै २०२४ मध्ये याच न्यायालयाने अरिजित सिंगच्या बाजूने असाच आदेश दिला होता.

परवानगी घेऊन काम कसं होतं, त्याचंही उदाहरण आहे. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या २०२४ च्या तमिळ सिनेमातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली, मानधन दिलं, आणि तसं जाहीरपणे सांगितलं. तरीही चर्चा झालीच. गेलेला माणूस स्वतः हो म्हणाला असता का, हे कोण सांगणार?

पण हे सगळे मोठे लोक. तुमचं-माझं काय? भारतात ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ असा वेगळा कायदा नाही. न्यायालयं खासगीपणाचा हक्क, ट्रेडमार्क, कॉपीराइट अशा तुकड्यांतून तो उभा करतात. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क आहेत, आणि त्यात गायक-नर्तकांबरोबर कसरत करणारे, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा येतात. म्हणजे नमनातला संकासूरही आला आणि गॅदरिंगला नाचणारी मुलगीही. पण तो हक्क सादरीकरणाचा झाला, चेहऱ्याचा नव्हे. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत दिली आहे. त्या लागू झाल्या की दिलेली संमती मागे घेता येईल, डेटा पुसायला सांगता येईल, आणि १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल.

तोवर शहाणपण आपलं आपल्याकडे. ‘तुमचा के-पॉप अवतार बनवा’ म्हणणारं ॲप वीस सेल्फी मागतं तेव्हा ते फोटो तुमच्या फोनवरून उडून कुठल्यातरी सर्व्हरवर जातात. अटींमध्ये ‘सेवा सुधारण्यासाठी वापर’ असं असेल तर तुमच्या चेहऱ्यावर त्यांचा एआय शिकणार, असा त्याचा अर्थ. ॲप काढून टाकलं म्हणजे फोटो पुसले गेले असं होत नाही. आधी ॲपमध्ये जाऊन अकाउंट आणि डेटा डिलीट करायचा, मग अनइन्स्टॉल. गॅलरीची परवानगी देताना ‘सर्व फोटो’ऐवजी ‘निवडक फोटो’ हा पर्याय निवडा, तो नव्या अँड्रॉइडमध्येही आहे आणि आयफोनमध्येही. आणि दुसऱ्याचा फोटो? तो टाकायचाच नाही, विचारल्याशिवाय. मैत्रिणीचा तर अजिबात नाही.

कुणी तुमचा चेहरा वापरून अश्लील काही बनवलंच, तर घाबरून डिलीट करत सुटू नका. आधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख जपून ठेवा. मग त्या प्लॅटफॉर्मवर तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशी मॉर्फ केलेली चित्रं तक्रारीनंतर जास्तीत जास्त २ तासांत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती) हटवणं प्लॅटफॉर्मला बंधनकारक आहे, आणि तक्रार तुमच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवाही उपयोगाची. ती तुमचा फोटो मागत नाही. फोटोचा डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तो फोटो पुन्हा अपलोड झाला की ओळखता येतो. ती १८ वर्षांवरच्यांसाठी. त्याखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच दुसरी सेवा आहे. आणि घरात एका तरी मोठ्या माणसाला सांगा. ओरडा बसेल, पण एकटं राहण्यापेक्षा तो परवडला.

गॅदरिंगचं काय झालं?

भाचीला मी एवढं सगळं पुराण लावलं नाही. एवढंच म्हटलं, “फोन कर आणि विचार. बनवलं ते सांगू नको, बनवू का ते विचार.”

तिने फोन केला. तासभर बोलल्या. नंतर पुण्याहून व्हॉट्सॲपवर जो मेसेज आला तो भाचीने मला दाखवला, तिच्या परवानगीने इथे सांगतोय. नाच वापरा, पण तो मी नवीन शूट करून पाठवते, जुन्या रील्समधला नको. चेहरा कार्टूनसारखा ठेवा, माझ्यासारखा हुबेहूब नको. आवाज अजिबात नाही. फक्त एका शोसाठी, रील म्हणून टाकायचं नाही. नंतर फाइल डिलीट करून स्क्रीनशॉट पाठवा. ॲपमध्ये टाकलेले सेल्फी आजच काढा. आणि पोस्टरवर पाचवं नाव माझं खरं नाव, ‘अवतार’ वगैरे नाही.

खाली आणखी एक ओळ होती: “आणि मधली जागा माझी आहे, तिथे कोणी उभं राहायचं नाही.”